छातीतलं पाणी

अक्का,

तू गेल्यापासून माझ्याशी भांडायला कुणी उरलं नाही. वत्सला मुळात कमी बोलते, पोरं ऐकून घेतात आणि आपापल्या कामाला लागतात, आणि मुख्याध्यापक झाल्यापासून शाळेतही सगळे ‘हो सर’च म्हणतात. ‘नाम्या, तुला काई कळत न्हाई’ असं तोंडावर सांगणारी तू एकटीच होतीस. फारच राग आला की नाम्याचा मास्तर व्हायचा. ‘मास्तर, तुमी शाळंत शिकवा, मला नका शिकवू.’

लोक भेटायला येतात. ओट्यावर बसतात, चहा घेतात आणि उठताना म्हणतात, कौसाबाईनं फार सोसलं. मी मान हलवतो. तू असतीस तर त्यांना मध्येच तोडलं असतंस. ‘सोसलं म्हंजे? मी काय बैल हाय का?’

ज्या एका गोष्टीवरून आपण इतकी वर्षं भांडलो, ती आज पहिल्यापासून सांगून टाकावी असं मनात आहे. दर वेळी तू अर्ध्यात थांबवायचीस. आता कुणी थांबवणार नाही, आणि खरं सांगू, तेच नको वाटतंय.

त्या साली दिवाळीला तू वडीगोद्रीला आलीस तेव्हा तुझी वर्षा पाचेक वर्षांची असेल. तुझं सासर धावडा, म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. भोकरदनला गाडी बदलायची, जालन्याला बदलायची, दिवस जायचा त्यात. एरवी तू सडकेवर उतरलीस की तुझ्याआधी तुझा आवाज घरात यायचा. त्या दिवशी आला नाही. सडकेपासून घरापर्यंत येताना तू लिंबाखाली टेकलीस, मग पांडूतात्याच्या ओट्यावर टेकलीस. आईनं विचारलं तर म्हणालीस, गाडीत हवा लागली. पण संध्याकाळी अंग तापायचं, आणि तू एकाच कुशीवर निजायचीस. दुसऱ्या कुशीवर वळलीस की दम कोंडायचा. आईनं ओव्यानं शेकलं. गावातल्या डॉक्टरनं नळी लावली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘मास्तर, उजव्या बाजूनं आवाजच येत नाही. जालन्याला न्या.’

जालन्याच्या छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो काढला. उजवी बाजू खालून निम्म्यापर्यंत पांढरी. छातीत पाणी झालं होतं. तोवर दाजीही धावड्याहून आले होते. थुंकी तपासायला दिली, ती चांगली निघाली. दाजींचा चेहरा उजळला. ‘मंग बराबर हाय,’ ते म्हणाले, ‘गरमीनं झालं असल. जल्दी निघू, आई वाट पाहून राह्यली.’ तू लगेच पिशवी भरायला घेतलीस.

डॉक्टरांनी थांबवलं. आधी पाणी काढू म्हणाले. तुला खुर्चीवर उलटं बसवलं, हात खुर्चीच्या पाठीवर टेकायला लावले आणि मागून बरगड्यांमध्ये सुई घातली. मी समोर उकिडवा बसून तुझे हात धरले होते. माझी बोटं तू इतकी आवळलीस की नंतर खडू धरवेना. बाटलीत पिवळं पाणी येत राहिलं, करडईच्या तेलासारखं. तू मान वळवून बघितलंस. ‘एवढं व्हय माझ्यात?’ आणि बऱ्याच दिवसांनी पुरता श्वास घेतलास, आणि हसलीस. ‘झालं की मंग. चला आता घरी.’

तिथून आपलं भांडण सुरू होतं.

डॉक्टर म्हणाले होते की थुंकी चांगली असली तरी त्यावर जाता येत नाही. रोग फुप्फुसाच्या आवरणाला असला तर थुंकीत जंतू येतच नाहीत, आणि या पाण्यातही ते बहुतेक वेळा हाती लागत नाहीत. पण जंतूशी झुंजताना अंगातल्या पेशी एक द्रव्य सोडतात. ते पाण्यात किती आहे हे मोजता येतं. एडीए म्हणतात त्याला. आकडा फार वर गेला तर टीबी धरायचा आणि औषध सुरू करायचं. ही तपासणी तेव्हा आपल्या डॉक्टरांना जालन्यात करून मिळत नव्हती, औरंगाबादला पाठवावं लागे.

‘थुंकीत न्हाई म्हणले ना?’ तू माझ्यावरच चिडलीस. ‘मंग काहून खोदून राह्यला?’

‘अक्का, लांडगा दिसला नाही तरी मेंढरं बुजलेली दिसतात ना? तसंच हे. जंतू दिसला नाही तरी अंग बुजलं का, ते बघायचं.’ आपल्या आज्यानं जन्मभर मेंढरं राखली, म्हणून मला वाटलं हे तुला पटेल.

‘मेंढरं कुत्र्यालाबी बुजतात, मास्तर,’ तू म्हणालीस.

पुढं एकदा डॉक्टरांना हे सांगितलं तर ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, तुमची बहीण बरोबर बोलते. दुसऱ्याही काही आजारांत हा आकडा वाढतो. म्हणून नुसता आकडा बघायचा नाही. वय, ताप, फोटो, सगळं मिळून बघायचं. तुझं वय, तुझा ताप आणि तुझा फोटो एकाच दिशेला बोट दाखवत होते.

मी ती बाटली थर्मासात बर्फ घालून औरंगाबादला नेली. मांडीवर थर्मास, आणि शेजारी बसलेला पागोटेवाला बदनापूर येईपर्यंत माझ्याकडं बघत होता. शेवटी म्हणाला, ‘पाव्हणं, चहा हाय का? घोटभर द्या की.’ औषध आहे म्हणालो. हे मी तुला परतल्यावर सांगितलं तेव्हा तू हसून हसून कूस धरलीस. आपण त्या प्रकरणावर एकत्र हसलो ते तेवढंच.

आकडा फार वर आला होता. डॉक्टरांनी तुला आणि दाजींना समोर बसवून सांगितलं की हा टीबी आहे, औषध नीट घेतलं की पुरता बरा होतो. आणि हेही सांगितलं, अगदी सावकाश, की थुंकीत जंतू नाहीत तेव्हा हिच्यापासून घरात कुणाला लागण होणार नाही. मी दाजींकडं बघत होतो. पहिल्या शब्दानंतर त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. त्यांचे थोरले भाऊ ह्याच रोगानं गेले होते, रक्त ओकत, त्याच घरात. ती फडकी तुझ्या सासूबाईंनी धुतली होती. हे मला ठाऊक होतं, म्हणून तुला हवा होता तितका राग मला त्यांचा कधी करता आला नाही. त्यावरूनही तू माझ्याशी भांडलीस.

दाजी ‘आईला इचारून येतो’ म्हणून गेले आणि आठवड्यानं आले ते वर्षाला न्यायला. ‘पोरगी लहान हाय, तिला लागंल,’ एवढंच बोलले. आई रडायला लागली, मी डॉक्टरांचं बोलणं पुन्हा सांगायला लागलो, आणि तू आम्हा दोघांना गप्प केलंस. वर्षाची वेणी घातलीस. ‘जा, आजीनं लाडू केले हायेत,’ असं सांगितलंस. पोरगी उड्या मारत गेली. तिनं मागं वळून पाहू नये म्हणूनच तू ते लाडू काढले होतेस. ती दिसेनाशी झाल्यावर तू आत आलीस आणि म्हणालीस, ‘गोळ्या कुठं हायेत त्या दे.’

किती मळमळायचं तुला. तोंडाची चव गेली, लघवी लाल व्हायची, भाकरीचा वास नकोसा झाला. पण एक दिवस चुकवलं नाहीस. एकदा मी कौतुकानं म्हणालो की अक्का, तू नक्की बरी होणार. तू म्हणालीस, ‘मला बरं व्हायचं न्हाई, नाम्या. मला धावड्याला जायचं हाय.’

औषध संपलं, फोटो साफ निघाला, आणि आपण दोघं धावड्याला गेलो. तो दिवस तू नंतर कधी बोलून दाखवला नाहीस, मीही नाही. सासूबाईंनी पाणी आणलं ते वरून तुझ्या ओंजळीत ओतलं. चुलीपुढं एक नवी बाई भाकरी थापत होती, तिच्या हातातला चुडा अजून नवा होता. दाजी खाली बघत उभे राहिले. मी फोटो उन्हात धरून दाखवत होतो, ही बाजू बघा, ही बघा. तुझ्या सासूबाई फोटोकडं बघतच नव्हत्या. ‘असला रोग मुळातून जात न्हाई, बाई,’ त्या म्हणाल्या. ‘माझा एक गेला. दुसरा जाऊ द्यायची न्हाई मी.’ वर्षाला त्यांनी आधीच कुठंतरी शेजारी नेऊन ठेवलं होतं.

परतताना भोकरदन सुटलं आणि तू खिडकीकडं तोंड करून म्हणालीस, ‘ते पाणी तू औरंगाबादला नेलं नसतंस, तर थुंकी चांगली हाय म्हणून मी दिवाळी सरताच धावड्याला गेले असते.’

‘आणि तिथं मेली असतीस.’

‘शेवंताकाकूच्या छातीत पाणी झाल्तं. गोळी न्हाई घेतली तिनं. आपसूक सुकलं.’

मी हे डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, खरं आहे, सुकतं कधी कधी आपोआप. पण जंतू आत दबा धरून राहतो, आणि काही वर्षांनी पुष्कळांना फुप्फुसाचा टीबी होतो, तो मग घरभर पसरतो. मी तुला सगळं सांगितलं. तू पहिलं अर्धं घेतलंस.

‘म्हंजे सुकलं असतं.’

‘सुकलं असतं आणि चार वर्षांनी रक्त पडलं असतं, अक्का.’

‘मंग चार वर्सं तर वर्षाजवळ राह्यले असते.’

मी चुकलो असं मी म्हणणार नाही. पुन्हा तसाच प्रसंग आला तर पुन्हा मी तोच थर्मास घेऊन त्याच गाडीत बसेन. पण तुझा प्रश्न पाण्यात काय निघालं हा नव्हताच. मी मात्र दर वेळी पाण्याचंच उत्तर देत राहिलो.

एका लग्नात जालन्याला वर्षा दिसली होती, आठवतं? उंच झालेली, दोन वेण्या घातलेली. तू मांडवातच हात पुढं केलास. तिनं आधी आजीकडं बघितलं आणि एक पाऊल मागं घेतलं. तू तोच हात वळवून पदर सावरलास, जसा काही त्यासाठीच उचलला होता. जेवलीस, आग्रह करून मला वाढलंस, नवरीला ओवाळलंस.

तरी पण तू घर भरून ठेवलंस, अक्का. सडकेला मोसंबीच्या रसाची गाडी लावलीस. ट्रकवाले तुझ्याशी हुज्जत घालायला मुद्दाम थांबायचे. वत्सलाच्या दोन्ही बाळंतपणांत तू तिला तान्ह्या पोरासारखं सांभाळलंस. मला कावीळ झाली तेव्हा पथ्याच्या जेवणावरून तू माझ्याशी जे भांडलीस, त्यानंच मी उठलो असं आई मरेपर्यंत म्हणत होती. मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर म्हणाली असतीस, मास्तर, भाषण झालं का?

मग गेल्या साली पुन्हा दम लागायला लागला. या वेळी डावी बाजू. डॉक्टर तेच, केस पिकलेले. खुर्ची उलटी, मी समोर, माझी बोटं तुझ्या मुठीत. पण बाटलीत पाणी आलं ते लाल होतं. तू वळून बघितलंस आणि मान पुन्हा पुढं केलीस.

आता ती तपासणी जालन्यातच होत होती. निकालाची वाट बघत मी लॅबच्या दारात उभा होतो, आणि तुला सांगतो, मी देवाकडं टीबी मागत होतो. आकडा वर येऊ दे. गोळ्या आहेत, उपाय आहे, आम्हाला तो पाठ आहे. ज्या आकड्यानं तुझं घर मोडलं तोच मी तुझ्यासाठी मागत होतो.

आकडा कमी आला. दुसऱ्या तपासणीत पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या होत्या. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून ते सांगितलं आणि म्हणाले, उशीर झाला आहे.

मी बाहेर आलो तर तू बाकावर ताठ बसली होतीस. ‘आकडा किती आला?’

‘कमी.’

‘म्हंजे टीबी न्हाई?’

‘न्हाई.’

तू दोन्ही हातांनी गुडघ्यावर थाप मारलीस. ‘बघ! म्हणले व्हते का न्हाई?’ नर्स वळून बघायला लागली. दम लागत होता तरी तू रिक्षात बोलतच होतीस. ‘धावड्याला निरोप धाड. टीबी बिलकुल न्हाई म्हणावं. मोठ्या डॉक्टरनं सांगितलं म्हणावं.’ मी धावड्याच्या किराणा दुकानात फोन केला आणि तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले.

आणि वर्षा आली. दाजी तिला सोडायला आले, अंगणात उभे राहिले, तुझ्याकडं बघून हात जोडले आणि आल्या पावली गेले. वर्षा मात्र राहिली. पहिल्या दिवशी दाराशी बसली, दुसऱ्या दिवशी खाटेशी, मग तुझ्या शेजारी निजायला लागली. तू तिला ओरडायला लागलीस, केसाला तेल का नाही, पाठ वाकवून काय बसतेस. इतक्या वर्षांचं ओरडणं साठलं होतं. ते ऐकून मी आणि वत्सला स्वयंपाकघरात एकमेकांकडं बघत राहायचो.

एका दुपारी वर्षा दुकानात गेली होती. तू भिंतीला टेकून बसली होतीस. ‘नाम्या,’ म्हणालीस, ‘टीबी न्हाई. मंग हे काय हाय?’

मी तुझ्याकडं बघू शकलो नाही. तू माझ्या खाली गेलेल्या मानेकडं बघत राहिलीस.

‘बस,’ तू म्हणालीस. ‘ह्याच्यापुढं बोलू नको. लेक आली ती टीबी न्हाई म्हणून आली. समद्यांला तेवढंच सांगायचं. टीबी न्हाई. कव्हाच नव्हता.’

‘अक्का, तव्हा व्हता.’

‘मास्तर!’ तुझ्यात तेवढा श्वास उरला आहे असं मला वाटलं नव्हतं. मग वर्षा आत आली. त्यानंतर तू पुष्कळ बोललीस, पण वर्षाशी. आपलं बोलणं तिथंच राहिलं.

तुझ्या दहाव्याला तुझ्या सासूबाई आल्या. त्या वयात, त्या कमरेनं, गाड्या बदलत धावड्याहून आल्या, हेही तुला सांगायलाच हवं. विधी उरकले, माणसं पांगायला लागली, तेव्हा त्या काठी टेकत माझ्याजवळ आल्या.

‘मास्तर, खरं सांगा. डॉक्टर म्हणले टीबी न्हाई. मंग तव्हाबी नव्हता का?’

अंगणातली माणसं जवळ सरकली. मी ‘नव्हता’ म्हणायचं, एवढंच होतं. तुझा शब्द राहिला असता, तू जिंकली असतीस, आणि काहीही नसताना आपण सुनेला घराबाहेर काढलं हे घेऊन म्हातारी धावड्यापर्यंत गेली असती. तिनं ते घेऊन जावं असं मला वाटलं, अक्का. फार वाटलं. पण चौकटीत वर्षा उभी होती. टीबी नव्हता म्हणून आई चांगली, हे एवढंच घेऊन ती जन्मभर राहिली असती. आणि उद्या तिच्याच, नाहीतर धावड्यातल्या आणखी कुणा पोरीच्या छातीत पाणी झालं तर? टीबी बरा होतो हे तिला कोण सांगणार?

‘व्हता,’ मी म्हणालो. ‘औषध घेऊन पुरती बरी झाल्ती. तुमच्या दारात आल्ती तव्हा बरी व्हती, मावशी. मी फोटो दाखवला व्हता.’

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या काही बोलणार तोच मागून वर्षा म्हणाली, ‘आजी, तू तर म्हणायची, तिला अजून हाय.’

म्हातारी काठी टेकत दाराकडं वळली. वर्षानंच तिला हात धरून सडकेपर्यंत नेलं, गाडीत बसवलं, पिशवी वर दिली. मला वाटलं तीही चढेल. गाडी गेली तेव्हा ती सडकेच्या कडेला उभी होती.

तुझा शब्द मी मोडला. तू रागावली असशील. पण आपण दोघं इतकी वर्षं होता आणि नव्हता यावर भांडत राहिलो, आणि तुझ्या लेकीला तू बरी झाली होतीस हेच कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर दाढी करत होतो. वर्षा येऊन शेजारी बसली. मग म्हणाली, ‘मामा, आई बरी व्हती तव्हा कशी व्हती?’

मी वस्तरा ठेवला. मग तिला ती सकाळ सांगितली, माझ्या थोरलीला तू सायकल शिकवलीस ती. सडकेच्या कडेनं, पदर खोचून, अनवाणी, सायकलचं कॅरिअर धरून तू पळत होतीस आणि ओरडत होतीस, ‘मागं बघू नको गं, मी हाय!’ कॅरिअर कधीच सोडून दिलं होतंस, पोरगी एकटीच चालवत होती, तरी तू मागनं धावतच होतीस. मी तुला थांबवायला मागं पळालो आणि मला काही तू सापडली नाहीस.

‘दम न्हाई लागला तिला?’ वर्षानं विचारलं.

‘न्हाई,’ मी म्हणालो. ‘बिलकुल न्हाई. दम मला लागला.’